बाजारपेठेची राखण

चोरी म्हटली की फोडलेली तिजोरी, मध्यरात्रीचा काळोख आणि दोरावरून उतरणारा मनुष्य असे काहीतरी आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु दुकानदाराला खरी खाणारी चोरी ती नव्हे. दिवसाउजेडी, चार गिऱ्हाइकांच्या गर्दीत, साबणाची वडी, तेलाची पिशवी, चहाचा पुडा किंवा एखादे पातळ पदराआड नाहीसे होते आणि रात्री हिशेब मांडतानाही ते ध्यानात येत नाही. ध्यानात येते ते वर्षअखेर, माल मोजताना. समजा, एखाद्या वाण्याला शंभर रुपयांच्या विक्रीमागे सर्व खर्च वजा जाता आठ रुपये सुटतात. त्याच्याकडून चारशे रुपयांचा जिन्नस चोरीस गेला, तर ते नुकसान भरून काढण्यास त्याला पाच हजारांची विक्री करावी लागेल. असे प्रकार महिन्यातून चार वेळा घडले, तर वीस हजारांचा धंदा त्याने चोरासाठी केला असा त्याचा अर्थ होतो. आणि तो खर्च तो आपल्या खिशातून किती दिवस सोसणार? आज ना उद्या तो तुमच्याआमच्या किराणा मालाच्या यादीत येऊन बसतो. तेव्हा हा प्रश्न केवळ व्यापाऱ्यांचा आहे असे समजून गृहिणींनी पान उलटू नये.

या प्रश्नाचा विचार एखाद्या मोठ्या शहराच्या आधाराने न करता कडेगावासारख्या गावाच्या आधाराने करावा असे मला वाटते. कारण पुण्यामुंबईची व्यवस्था निराळी. तेथे दुकानदाराला आपला रखवालदार ठेवता येतो, दारात यंत्रे बसविता येतात. कडेगावची गोष्ट तशी नाही. कराडहून विट्याकडे जाणाऱ्या वाटेवरील हे गाव. पूर्वी ते सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा असा नवा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याचेच नाव सांगली झाले. पुष्कळ वर्षे खानापूर तालुक्यात राहून अलीकडे कडेगाव स्वतःच तालुक्याचे ठिकाण बनले. यशवंतराव चव्हाण ज्या देवराष्ट्र्यात १९१३ साली जन्मले ते गावही याच तालुक्यात. एके काळी हा सारा टापू अवर्षणाचा म्हणून ओळखला जाई. टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी या माळांवर चढविले, ऊस आला, उसाबरोबर पैसा आला आणि पैशाबरोबर दुकाने आली. पूर्वी लग्नाचा बस्ता बांधण्यास कराड गाठावे लागे. आता कापड, भांडी, मोबाईल, सोनेनाणे सर्व दारात मिळते. परंतु जो रस्ता गिऱ्हाईक आणतो तोच चोरही आणतो. दुचाकीवरून दोघे यावयाचे, पेठेत एक फेरी मारावयाची, काम साधले की अर्ध्या तासात दुसऱ्या तालुक्यात किंवा दुसऱ्या जिल्ह्यात. तेथल्या ठाण्याला येथल्या चोरीची वार्ता पोचेपर्यंत चोर तिसऱ्या गावी चहा पीत असतो.

जुन्या काळी या सरहद्दीच्या अडचणीवर आपल्या गावगाड्याने एक मोठा मार्मिक तोडगा काढला होता. गावाच्या राखणीचे काम रामोशांकडे असे. चोरी झाली की रामोशाने पावलांचा माग काढावयाचा. माग शिवेपर्यंत नेऊन पोचविला की पुढच्या गावच्या रामोशाने तो उचलावयाचा. ज्या गावात माग विरला, त्या गावावर चोरीची जबाबदारी. माग काढता आला नाही तर नुकसानभरपाईचा काही भार राखणदारावरच येई. कॅप्टन मॅकिंटॉश याने १८३३ साली रामोशांवर लिहिलेल्या पुस्तकात या रीतीचे वर्णन सापडते. हा तोच मॅकिंटॉश, ज्याने उमाजी नाइकाला पकडले होते. पेशवाई गेल्यानंतरही पुण्यातील कित्येक वाड्यांवर रखवालीला रामोशी ठेवण्याची चाल होती, हे आमच्या वडील पिढीतील पुष्कळांनी आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकले असेल.

या व्यवस्थेचे फाजील गुणगान करण्याचे कारण नाही. तिच्यात सक्ती होती, आणि पुढे तर इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा करून अशा कित्येक जमातींच्या कपाळी जन्मतःच चोर हा शिक्का मारला. ज्यांच्या हाती गावाची किल्ली द्यावयाची, त्यांनाच हजेरीसाठी ठाण्यावर उभे करावयाचे, असा तो न्याय. तो कायदा १९५२ साली रद्द झाला खरा, पण शिक्का अद्याप पुसला गेलेला नाही. पेठेत काही नाहीसे झाले की आजही नजर प्रथम कोणाकडे वळते हे सांगावयास नको. तथापि त्या जुन्या पद्धतीतील एक गोष्ट घेण्यासारखी होती. चोरीचा माग शिवेवर थांबत नसे, तो दुसऱ्याच्या हाती सोपविला जाई. आजच्या भाषेत सांगावयाचे तर ठाण्याने ठाण्याला आणि पेठेने पेठेला ताबडतोब खबर द्यावयाची.

आज गावोगावी पोलीस पाटील आहेत. १८६७ च्या जुन्या ग्राम पोलीस कायद्याची जागा १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने घेतली, आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमात ग्रामरक्षक दलांचीही तरतूद आहे. शिवाय गेल्या काही वर्षांत राज्यातील अनेक जिल्ह्यांत ग्राम सुरक्षा यंत्रणा नावाची एक सोय सुरू झाली आहे. एका क्रमांकावर फोन करून आपल्या आवाजात खबर सांगितली की ती त्या गावातील नोंदविलेल्या सर्व फोनांवर एकाच वेळी वाजते. मला विचाराल तर ही त्या जुन्या मागाचीच नवी आवृत्ती होय. पण यंत्र वाजले तरी ऐकणाऱ्याने उठावे लागते. आणि तो उठतो की नाही, हे पोलीस आणि दुकानदार यांच्यामध्ये एरवी काय नाते आहे यावर अवलंबून असते.

ते नाते कसे आहे? स्पष्ट बोलावयाचे तर बरे नाही. दुकानदार म्हणतो, फिर्याद द्यावयास गेलो तर दिवस मोडतो, उलट आपल्यालाच दहा प्रश्न. पोलीस म्हणतो, हे लोक चोरी झाल्यावर चार दिवसांनी येतात, माल किती गेला ते सांगता येत नाही, साक्षीला बोलाविले की हात वर करतात. दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि त्याला भर म्हणून कायद्यातील एक नवी बाब आता मध्ये येऊन उभी राहिली आहे. ती फारशी कोणी ध्यानात घेतलेली दिसत नाही, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर सांगतो.

भारतीय दंड संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली. तिच्या ३०३ व्या कलमात साध्या चोरीसंबंधी अशी तरतूद आहे की, चोरीस गेलेल्या मालाची किंमत पाच हजार रुपयांहून कमी असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला शिक्षा म्हणून समाजसेवा करावयास लावावी. हेतू चांगला आहे. पोटासाठी पहिल्यांदा चुकलेल्या माणसाला पक्क्या चोरांच्या सहवासात तुरुंगात टाकून काय साधते? परंतु याच्या जोडीला फौजदारी कार्यपद्धतीचा जो नवा कायदा आला, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याच्या परिशिष्टात पाच हजारांखालची ही चोरी अदखलपात्र ठरविली आहे. अदखलपात्र म्हणजे पोलिसांनी नोंद करावयाची, पण मॅजिस्ट्रेटच्या हुकुमावाचून तपास करावयाचा नाही. आता वाण्याच्या किंवा कापडवाल्याच्या दुकानातून एका वेळी पाच हजारांचा माल कितीदा जातो? बहुतेक चोऱ्या त्या रेषेच्या खालच्याच.

इंग्लंडातही असाच अनुभव आला. तेथे २०१४ च्या कायद्याने दोनशे पौंडांखालची दुकानचोरी हलक्या प्रतीच्या खटल्यांत घातली गेली. दोनशे पौंडांपर्यंत चोरीला मोकळीक आहे असा चोरांनी अर्थ घेतला, असे तेथील दुकानदार पुढे सांगत राहिले, आणि २०२५ मध्ये ती तरतूद काढून टाकणारे विधेयक पार्लमेंटात मांडण्याची पाळी आली. कायद्याचे अक्षर आणि बाजाराचा कानोसा यांत असे अंतर पडते.

पण आपल्याकडील कायद्याचे येथेच संपत नाही. न्याय संहितेचे ३०५ वे कलम निराळे आहे. राहते घर, किंवा मालमत्ता ठेवण्यासाठी वापरली जाणारी इमारत, यांच्या आत झालेल्या चोरीला त्या कलमाने सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. तेथे किमतीची रेषा नाही, आणि गुन्हा दखलपात्र आहे. दुकानाच्या आतील कपाटातून माल गेला, मग तो दोन हजारांचा का असेना, तर तो या कलमाखाली येतो काय, हा प्रश्न फिर्याद घेतानाच उपस्थित करावयास हवा. उलट ओट्यावर किंवा रस्त्यावर मांडलेल्या मालाला हे कलम लावणे कठीण. गळ्यातील किंवा हातातील वस्तू हिसकावून नेली, तर त्याला नव्या संहितेत ३०४ हे स्वतंत्र कलमच केले आहे. तेव्हा "माझा माल चोरीला गेला हो" एवढे म्हणून भागत नाही. कोठे ठेवला होता, कसा गेला, किती वाजता, खरेदीची पावती कोणती, हे सर्व दुकानदाराने नीट सांगितले पाहिजे. अंमलदाराने कोणते कलम लावावे ते याच तपशिलावर ठरते. शंका असेल तर गावातील वकिलाला दोन शब्द विचारावेत. तेवढ्याने कोणी कंगाल होत नाही.

आणखी दोन सोयी या नव्या कायद्याने दिल्या आहेत. फिर्याद विजेच्या साधनाने, म्हणजे घरबसल्या, पाठविता येते. मात्र तीन दिवसांच्या आत जाऊन तिच्यावर सही केली पाहिजे. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, आणि ठाण्यावर ती घेतलीच नाही तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाकडे, तेथेही दाद न लागली तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येते. दुसरी सोय मुद्देमालाची. सापडलेला माल ठाण्याच्या कोठीत वर्षानुवर्षे कुजत पडतो, म्हणून कित्येक व्यापारी "गेला तो गेला" म्हणून तोंड मिटून बसत. आता न्यायालयाने चौदा दिवसांत मालाचे टिपण करावे, त्याची छायाचित्रे घ्यावीत व त्यानंतर तीस दिवसांत त्याच्या विल्हेवाटीचा हुकूम द्यावा असे ४९७ व्या कलमात सांगितले आहे. हे सर्व न्यायालयांत तंतोतंत घडते असा माझा दावा नाही. पण मागण्याचा हक्क आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याला कोणी आपण होऊन देणार नाही.

आता कॅमेऱ्याविषयी. हल्ली दुकान मांडताना गणपतीची तसबीर आणि कॅमेरा या दोन वस्तू प्रथम लागतात. दोहोंवर भरवसा मात्र सारखाच आंधळा! बहुतेक कॅमेऱ्यांचे तोंड गल्ल्याकडे असते, कारण मालकाला चोरापेक्षा नोकराची धास्ती अधिक. चोर आला कोठून व गेला कोठे हे दाखविणारा कॅमेरा रस्त्याकडे पाहणारा हवा, आणि एका दुकानाचा नव्हे तर पेठेच्या दोन्ही टोकांचा हवा. येथे दहा दुकानदारांनी मिळून खर्च करणे हाच शहाणपणा. त्यातही एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट मोठे नुकसान करते, ती म्हणजे घड्याळ. कॅमेऱ्याचे घड्याळ वीस मिनिटे मागे असले, आणि शेजारच्या दुकानाचे दहा मिनिटे पुढे, तर एकच मनुष्य एका चित्रात चोरीच्या आधी आणि दुसऱ्यात नंतर दिसतो, आणि आरोपीचा वकील तेवढ्यावर सारा पुरावा उधळून लावतो. शिवाय जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाऊन त्यावर नवे चढते. वर्षअखेर माल मोजणाऱ्या दुकानदाराला त्याचा उपयोग तो काय?

चित्रण न्यायालयात चालावयाचे तर त्याला दाखला लागतो. ही गोष्ट आपल्याच महाराष्ट्रातील एका खटल्याने देशभर पक्की केली. जालन्याच्या २०१४ च्या निवडणुकीवरून अर्जुनराव खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात जो वाद झाला, त्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये असा निर्णय दिला की, यंत्रातून उतरवून घेतलेल्या नोंदीबरोबर कायद्याने सांगितलेला दाखला जोडलाच पाहिजे. तेव्हाच्या पुरावा कायद्यातील ते कलम आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमात आले आहे. निवडणुकीच्या वादातून निघालेला नियम कडेगावच्या भांड्यांच्या दुकानालाही लागू पडतो, ही कायद्याची गंमत. दुकानदाराने चित्रण मोबाईलवर उतरवून फौजदाराला धाडले आणि कर्तव्य संपले असे मानले, तर खटल्याच्या वेळी पंचाईत होते. या दाखल्याचा छापील नमुना ठाण्यानेच पेठेतील प्रत्येक दुकानात एकदा देऊन ठेवला, तर किती खटले वाचतील!

पैसे देण्याघेण्याच्या नव्या रीतीने चोरीचाही एक नवा प्रकार जन्मास घातला आहे. गिऱ्हाईक मोबाईल पुढे करते, पैसे पोचल्याचे चित्र दाखविते, माल घेऊन जाते. खात्यात मात्र काही येत नाही. किंवा रात्रीतून कोणी दुकानाच्या पाटीवरील चौकोनी चिन्हावर आपले चिन्ह चिकटवून जातो आणि दिवसभराची विक्री त्याच्या खात्यात जमा होते. याला उपाय साधा आहे. चित्र पाहू नये, आपल्या खात्यात आल्याची खूण पाहावी. आणि सकाळी झाडलोट करताना त्या चिन्हावर एकदा बोट फिरवावे. फसगत झालीच तर १९३० या क्रमांकावर त्याच तासात कळवावे. पैसा पुढे सरकण्याच्या आत खाते गोठविणे शक्य असते.

सराफांचा प्रश्न याहून नाजूक आहे. विटा, खानापूर या भागातील गलाई करणारी मंडळी देशभर पसरलेली आहेत हे सर्वश्रुतच आहे. सोने आटविणे आणि शुद्ध करणे हा या टापूचा अभिमानाचा उद्योग. पण सोने आटले की त्याची ओळख संपते, म्हणून चोराचे आणि पोलिसाचे, दोघांचेही लक्ष सराफाकडे असते. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा आहे, पूर्वी ४११ कलमाने, आता ३१७ व्या कलमाने. जाणूनबुजून घेणाऱ्याला शिक्षा व्हावी यात दुमत नाही. सराफांची तक्रार निराळी आहे. पकडलेला चोर कोणत्याही दुकानाकडे बोट दाखवितो, आणि तेवढ्यावर माल भरून द्या अन्यथा आरोपी व्हा, अशी भाषा ऐकावी लागते, असे ते म्हणतात. ही तक्रार जेथे खरी असेल, तेथे सराफ पोलिसाला मित्र मानील ही अपेक्षा व्यर्थ होय. यावर मार्ग एकच दिसतो, तो वहीचा. मोड घेताना विकणाऱ्याचे नाव, ओळखपत्र, वजन, दागिन्याचे छायाचित्र यांची नोंद दुकानाने ठेवावी, आणि ज्याची वही चोख त्याच्याकडे पोलिसांनी पंचनाम्यावाचून व लेखी समजावाचून काही मागू नये. येथे आपल्या घरांतील मंडळींनीही एक गोष्ट मनाशी धरावी. दारावर आलेल्या माणसाकडून निम्म्या किमतीत नवे भांडे किंवा मोबाईल मिळतो, पावती मागितली की तो हसतो, अशा वेळी आपण सौदा साधत नाही, चोराला गिऱ्हाईक मिळवून देतो. सुशिक्षित घरांतूनही हा मोह पाहावयास मिळतो, हे लिहिताना संकोच वाटतो.

मोठ्या दरोड्याविषयी थोडेच सांगतो. ४ जून २०२३ रोजी सांगलीत एका मोठ्या सराफी दालनावर भरदिवसा दरोडा पडला. दरोडेखोर आले ते पोलीस असल्याची बतावणी करून. म्हणजे पोलिसाविषयी जो धाक समाजात आहे तोच त्यांनी हत्यार म्हणून वापरला. आपल्या ठाण्याची माणसे दुकानदाराच्या ओळखीची असती, तर अनोळखी साहेब आत शिरताच निदान ठाण्याला एक फोन करून विचारण्याचे कोणाला सुचले असते. पोलिसाचा चेहरा आणि नाव पेठेला ठाऊक असणे हा केवळ सौजन्याचा भाग नाही, संरक्षणाचाही आहे. जपानात १८७४ सालापासून चौकाचौकांत छोट्या पोलीस चौक्या आहेत. त्यांना कोबान म्हणतात. तेथला शिपाई आपल्या हद्दीतील घराघराला, दुकानादुकानाला भेटी देऊन विचारपूस करतो. आपल्याकडे बीट अंमलदार याच कल्पनेने नेमलेला असतो. पण त्याच्यामागे बंदोबस्त, समन्स, मंत्र्यांचे दौरे आणि कोर्टाच्या तारखा इतक्या लागलेल्या असतात की पेठेत सावकाश चहा पिण्याइतकी फुरसत त्या बिचाऱ्याला कधी मिळतच नाही.

लोक आणि पोलीस एकत्र येऊ शकत नाहीत असे मात्र नाही. १९८४ च्या दंगलीने होरपळलेल्या भिवंडीत सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने मोहल्ला समित्या उभारल्या, आणि १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. सांगली जिल्ह्यातल्याच अंजनीचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तिचे सर्व फळ टिकले असे नाही, पण गावकरी आणि पोलीस एका सतरंजीवर बसले हे खरे. याच भागात १९४३ ते १९४६ या काळात नाना पाटलांच्या प्रतिसरकारने आपली न्यायदान मंडळे चालविली होती, आणि स्वातंत्र्याच्या चळवळीचा फायदा घेऊन लूटमार करणाऱ्या दरोडेखोरांचा बंदोबस्त केला होता. सरकारी पोलिसावरचा विश्वास उडाला की लोक आपला पोलीस आपण निर्माण करतात, हे या मातीने पाहिलेले आहे. परक्या सरकाराविरुद्ध ते शोभले. स्वराज्यात मात्र त्याचे रूप फार भयंकर होऊ शकते.

मला सर्वांत अधिक चिंता वाटते ती येथेच. हल्ली प्रत्येक पेठेचा व्हॉट्सॲपवर एक गट असतो. एका दुकानदाराने कॅमेऱ्यातील चित्र टाकून "हा चोर, सावध राहा" असे लिहिले की दहा मिनिटांत ते तीन तालुक्यांत फिरते. तो मनुष्य चोर आहे असे ठरविले कोणी? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार केले. ते सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे होते. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील जत तालुक्यात लवंगा येथे चार साधूंना अशाच संशयावरून बेदम मारहाण झाली. दोन्ही ठिकाणी हाती काठी घेणारे लोक स्वतःला गावाचे रक्षणकर्तेच समजत होते. दुकानदारांच्या गटाने म्हणून एक नियम कटाक्षाने पाळावा. चित्र गटावर टाकावयाचे नाही, ठाण्याकडे पाठवावयाचे. गटावर लिहावयाचे ते घडलेली रीत, जसे की नोट मोडून घेण्याच्या बहाण्याने दोघे येतात, एक बोलण्यात गुंतवितो. चेहरा, जात, पेहराव यांचा उल्लेख नको.

चोर हातोहात सापडला तर काय करावे? सामान्य नागरिकाला अटक करण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे, पण तो आपल्या डोळ्यांदेखत घडलेल्या दखलपात्र व अजामीनपात्र गुन्ह्यापुरताच, आणि सहा तासांच्या आत त्या माणसाला पोलिसांच्या स्वाधीन केलेच पाहिजे. पाच हजारांखालची साधी चोरी जामीनपात्र असल्याने तेथे तो अधिकारही पोचत नाही. खांबाला बांधणे, तोंडाला काळे फासणे, चित्रफीत काढणे यांचा अधिकार तर कोणालाच नाही. चोर जर अठरा वर्षांखालील मूल असेल, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे त्याची ओळख प्रसिद्ध करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि किरकोळ अपराधांत त्याच्यावर नेहमीसारखा गुन्हा नोंदवावयाचा नसून ठाण्याच्या डायरीत नोंद करावयाची असते. बिस्किटाचा पुडा उचलणाऱ्या पोराला चार थपडा देऊन सोडण्याची आपली जुनी रीत पुष्कळांना दयाळूपणाची वाटते. त्याच्या आईला बोलावून घेणे अधिक दयाळूपणाचे, आणि बहुधा अधिक परिणामकारकही.

पोलिसांकडून होणाऱ्या अतिरेकाचाही विसर पडता कामा नये. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहरात लूटमारीच्या आरोपावरून पकडलेला एक तरुण पोलिसांच्या ताब्यात असताना मारहाणीने मरण पावला, आणि त्याचे प्रेत आंबोलीच्या घाटात नेऊन जाळण्यात आले. संबंधित अधिकारी आणि शिपायांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. "चोराला जरा दाखवा इंगा" असे ठाण्यात जाऊन सहज सुचविणाऱ्या व्यापाऱ्याने ही हकीकत आठवावी. फिर्यादीने फिर्याद द्यावी, पुरावा द्यावा, साक्ष द्यावी. त्यापलीकडे मागणी करू नये आणि पोलिसाने ती ऐकूही नये.

मग कडेगावसारख्या पेठेने उद्यापासून करावे तरी काय? मोठी समिती, अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि हारतुरे यांची गरज नाही. महिन्यातून एकदा, बाजाराचा दिवस सोडून, बीट अंमलदाराने आणि पाचसात दुकानदारांनी एखाद्या दुकानाच्या फळीवर अर्धा तास बसावे. सोबत एकच वही असावी. गेल्या महिन्यात काय गेले, कोठून, किती वाजता, किमतीसह, मग ठाण्यावर फिर्याद झालेली असो वा नसो. चार महिन्यांची पाने एकत्र पाहिली की अमुक वारी, अमुक वेळी, अमुक कोपऱ्यावर चोरी होते हे वहीच सांगू लागते, आणि दोन शिपाई कोठे उभे करावयाचे ते ठरविण्यास फौजदाराला ज्योतिषी लागत नाही. विटा, कराड, पलूस येथील पेठांनी अशीच वही ठेवली व एकमेकींस दाखविली, तर शिवेवरचा माग पुन्हा हाती येईल. या बैठकीत एखाद्या फिरत्या विक्रेत्यालाही बोलवावे. पेठेत दिवसभर उभा राहणारा तोच, आणि दुकानदाराला जे दिसत नाही ते त्याला दिसते. गिऱ्हाइकांपैकी एखाद्या बाईनेही अवश्य यावे. आडोशाला कोणता माल मांडला आहे आणि गर्दीत धक्काबुक्की कोठे होते, हे पुरुष दुकानदारांना सांगूनही पटत नाही!

हे कडेगावला जमेल काय, असे कोणी विचारील. मोहरमच्या दिवसांत या गावी एकदा जावे. हिंदु आणि मुसलमान मिळून उभारलेले बांबूचे उंच उंच ताबूत गावाच्या अरुंद रस्त्यांतून निघतात आणि त्यांच्या भेटींचा सोहळा पाहावयास दूरदूरचे लोक लोटतात. त्या गर्दीत एवढे मोठे डोलारे सांभाळून न्यावयाचे म्हणजे कोणी कोठे उभे राहावयाचे, रस्ता केव्हा मोकळा करावयाचा, हे मानकरी, दुकानदार, तरुण मंडळी आणि पोलीस यांनी आधी आपसांत ठरविल्यावाचून भागतच नाही. ते दरवर्षी ठरते. दुसऱ्या दिवशी मात्र फळ्या उघडल्या की जो तो आपल्या गल्ल्यामागे जाऊन बसतो आणि शिपाई आपल्या समन्सांच्या मागे लागतो.

आणि हो, हा अंक हाती असताना कोणी दुकानदार वाचक असतील, तर त्यांनी आज दुकान बंद करण्यापूर्वी आपल्या कॅमेऱ्याचे घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी एकदा ताडून पाहावे.